जिरणे, मुरणे, झिरपणे, पाझरणे : पाणी जाऊ देणाऱ्या द्रव्यांविषयीच्या मराठी शब्दांचा अर्थविचार

बंगळूरच्या पूर्व भागातील के. आर. पुरम येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून वास्तव्यास असताना ज्या निवासी संकुलात माझी सोय करण्यात आली होती, त्याच्या आवाराच्या एका कोपऱ्यात सिमेंटच्या कड्यांनी बांधून काढलेला आणि वर जाळीचे झाकण घातलेला एक खड्डा होता. त्यावर कन्नडमध्ये ‘इंगु गुंडि’ अशी दोन शब्दांची पाटी होती. गच्चीवरचे पावसाचे पाणी नळीवाटे या खड्ड्यात येते आणि तळाशी घातलेल्या खडी-वाळूतून जमिनीत उतरते. बंगळूर पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाच्या कायद्यात २००९ साली दुरुस्ती झाली आणि ठरावीक आकाराहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींना पर्जन्यजल साठविण्याची वा जमिनीत सोडण्याची व्यवस्था सक्तीची झाली. अशा खड्ड्यांच्या प्रसारामागे ही सक्ती आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या, तेव्हा जाता-येता दुर्लक्षिल्या जाणाऱ्या या पाटीकडे रहिवासी निराळ्या नजरेने पाहू लागले.

मराठी-कन्नड भाषांतराच्या एका छोटेखानी कार्यशाळेत मी ही पाटी सहभागी अभ्यासकांपुढे ठेवली आणि तिचे मराठी करावयास सांगितले. पाच मिनिटांत चार उत्तरे आली : शोषखड्डा, पाझरखड्डा, जिरवणखड्डा आणि सच्छिद्र खड्डा. चौघांनीही खड्डा एकच पाहिला होता. तरी चौघांचे पाणी चार दिशांना गेले होते. प्रस्तुत लेखाचा उगम त्या चार उत्तरांत आहे. आपल्यातून पाणी जाऊ देणाऱ्या पदार्थाला मराठी काय म्हणते, हा प्रश्न वरकरणी भूगोलाच्या क्रमिक पुस्तकाचा वाटतो. प्रत्यक्षात तो भाषांतराचा आणि पुढे जाऊन समीक्षेच्या परिभाषेचाही प्रश्न आहे, असे मला दाखवावयाचे आहे.

प्रथम ‘शोषखड्डा’. ग्रामीण स्वच्छतेच्या कार्यक्रमांमुळे हा शब्द महाराष्ट्रात घरोघर पोचला आहे. न्हाणीचे व मोरीचे सांडपाणी दारात साचून डबके होऊ नये म्हणून दगडगोट्यांनी भरलेला जो खड्डा घेतात, तो शोषखड्डा. त्याचे काम पाणी नाहीसे करणे हे आहे. ‘शोष’ हा मुळात कोरडेपणाचा शब्द असून घशाला शोष पडतो तो तहानेने. ‘इंगु गुंडि’चे काम नेमके उलट, म्हणजे पाणी राखणे, हे आहे. दोन्ही खड्ड्यांत पाणी एकाच रीतीने खाली जाते. पण एकात ते नकोसे म्हणून जाते आणि दुसऱ्यात हवेसे म्हणून. स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक असेल, परंतु भाषेच्या दृष्टीने तो निर्णायक आहे.

मराठीतील या शब्दसमूहाकडे पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती ही, की येथे नामे व विशेषणे थोडी आहेत आणि क्रियापदे पुष्कळ. जिरणे, मुरणे, झिरपणे, पाझरणे, गळणे, ठिबकणे, ओघळणे, निथळणे, निचरणे. या क्रियापदांचा कर्ता बहुधा पाणी असतो. ज्यातून पाणी जाते तो पदार्थ ‘त’, ‘तून’ किंवा ‘ला’ या प्रत्ययांनिशी बाजूला उभा असतो. जमिनीत पाणी जिरते, भिंतीतून झिरपते, कातळाला पाझर फुटतो. पदार्थाच्या अंगी अमुक गुण आहे, असे बोली मराठी सहसा म्हणत नाही. पाण्याचे काय झाले एवढेच ती सांगते, आणि सांगताना बोलणारा कोठे उभा आहे हेही सांगून टाकते.

बोलणारा उभा असण्याची ही जागा अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘जिरणे’ आणि ‘मुरणे’ ही पाणी आत शिरतानाची क्रियापदे. त्यांचा वक्ता वर, पाण्याच्या बाजूला असतो. ‘झिरपणे’ हे वाटेतले क्रियापद आहे. त्यात आरंभ व शेवट दोन्ही धूसर असतात आणि हळू, नकळत चाललेल्या प्रवासावर भर असतो. ‘पाझरणे’ हे बाहेर पडण्याचे क्रियापद होय. येथे वक्ता खाली, विहिरीच्या तळाशी किंवा कड्याच्या पायथ्याशी उभा आहे आणि ओलावा आपल्याकडे येताना पाहतो आहे. ‘गळणे’ हेही बाहेर पडणेच, परंतु ते ज्याचे पाणी जाते त्याच्या बाजूने उच्चारलेले आहे आणि त्यात नुकसानीची नोंद आहे. भूमितीच्या भाषेत बोलायचे तर एकाच रेषेवरचे हे वेगवेगळे बिंदू आहेत, आणि मराठीने प्रत्येक बिंदूला स्वतंत्र शब्द दिला आहे.

‘पाझर तलाव’ या रूढ शब्दाची गंमत या दृष्टीने पाहिल्यावरच कळते. १९७२-७३ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रात असे तलाव मोठ्या संख्येने बांधले गेले. या तलावातून कालवा निघत नाही. त्याच्या तळातून पाणी जमिनीत जावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना ते लागावे, हा त्याचा हेतू. तळाशी जे घडते त्याला शेतकरी जिरणे म्हणतो. मग तलावाचे नाव ‘जिरवण तलाव’ का पडले नाही? कारण नाव खालच्या विहिरीवरून पाहणाऱ्याने ठेवले आहे. तलाव त्याच्या दृष्टीने पाणी घेणारा नव्हे, देणारा आहे. कर्नाटकात याच प्रकारच्या तलावाला ‘जिनुगु केरे’ म्हणतात. ‘जिनुगु’ म्हणजे थेंबाथेंबाने, बारीक बारीक येणे. रिमझिम पावसालाही ‘जिनुगु मळे’ म्हणतात. तेव्हा तलावाच्या नावात दोन्ही भाषांनी बाहेर येण्याची बाजू निवडली आणि खड्ड्याच्या नावात कन्नडने आत जाण्याची. सरकारी कागदावर दोन्हींचे वर्णन भूजल पुनर्भरण या एकाच शीर्षाखाली होते, आणि ही निवड त्या शीर्षाखाली गाडली जाते.

व्युत्पत्तीची साक्षही येथे उपयोगी पडते. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘क्षर्’ धातूचे जे आदेश नोंदले आहेत, त्यांत ‘झर’ आणि ‘पज्झर’ ही दोन्ही रूपे आहेत. झरा, झरणे आणि पाझर हे शब्द त्याच कुळातले. सर्वांत बाहेर वाहण्याचा अर्थ आहे. ‘जिरणे’ मात्र ‘जृ’ धातूकडून, जीर्ण होण्याकडून आले आहे. अन्न जिरते, न जिरल्यास अजीर्ण होते, आणि जिरण्यास मदत करणारे ते जिरे. म्हणजे मराठीत जमीन पाणी पिते एवढेच नव्हे, ती ते पचवते. (कन्नडमध्ये ‘इंगु’ या रूपाचा दुसरा, अगदी वेगळा अर्थ हिंग असा आहे. जिरण्याशेजारी जिरे आणि इंगण्याशेजारी हिंग असा हा फोडणीच्या डब्यातला योगायोग आहे. त्यावर सिद्धान्त उभारण्याचा मोह मी टाळला आहे.)

आता विशेषणांकडे वळू. क्रमिक पुस्तकांत ‘सच्छिद्र खडक’ आणि ‘अच्छिद्र खडक’ अशी जोडी शिकविली जाते व सच्छिद्र खडकातून पाणी झिरपते असे सांगितले जाते. ज्ञानकोशीय लेखनात ‘पार्य’ व ‘अपार्य’ हे शब्द आढळतात. ‘पारगम्य’ आहे, ‘अर्धपार्य पटल’ आहे, जीवशास्त्रात ‘निवडक्षम पारपटल’ आहे. कापडाच्या संदर्भात ‘जलाभेद्य’ व ‘जलरोधक’ आहेत. हे शब्द घडविणाऱ्यांचे ऋण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की ‘सच्छिद्र’ या एका शब्दाने बराच गोंधळ केला आहे.

गोंधळ असा. पदार्थात पोकळ जागा असणे आणि त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे पाण्याला वाट मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिकणमातीत एकूण पोकळ जागेचे प्रमाण वाळूपेक्षा पुष्कळदा अधिक असते; तरी वाळूतून पाणी झरझर जाते आणि चिकणमातीत अडून राहते, कारण तिच्या पोकळ्या अतिसूक्ष्म असतात. दख्खनच्या बेसॉल्टात वायूंच्या बुडबुड्यांमुळे पडलेल्या पोकळ्यांचा थर असतो. पोकळ्या सुट्या सुट्या राहिल्या किंवा पुढे दुय्यम खनिजांनी भरून गेल्या, तर खडक डोळ्यांना भोकांचा दिसूनही पाण्याला वाट देत नाही. याउलट के. आर. पुरमच्या भूमीखाली जो ग्रॅनाइट व पट्टिताश्म आहे, त्याच्या अंगात छिद्रे जवळजवळ नाहीतच. तेथे पाणी फिरते ते भेगांतून आणि वरच्या कुजलेल्या थरातून. मग हा खडक सच्छिद्र की अच्छिद्र? पाठ्यपुस्तकाप्रमाणे अच्छिद्र. पण त्यातच कूपनलिका खोदून या शहराने कित्येक वर्षे पाणी उपसले. विहीर खोदणारा माणूस खडकाला विशेषण लावीत बसत नाही. तो म्हणतो, येथे झरा लागला.

‘सच्छिद्र’चा दुसरा दोष सांस्कृतिक आहे. संस्कृतात छिद्र म्हणजे भोक आणि छिद्र म्हणजे उणीवही. वैदिक भाषेपासून ‘अच्छिद्र’ हे अखंडतेचे, निर्दोषतेचे विशेषण आहे, आणि छिद्रान्वेषी माणूस कोणालाच आवडत नाही. हा शब्द वापरताच पाणी जाऊ देणे हा पदार्थाचा दोष ठरून बसतो. कार्यशाळेतील ‘सच्छिद्र खड्डा’ हे उत्तर ऐकून जे हसू उमटले, त्याचे कारण हेच असावे. खड्ड्याला आणखी भोक कशाला, असा तो विनोद होता.

शेतीच्या बोलीत मातीची नावे पाहिली की ही अडचण मुळातच उद्भवत नाही असे दिसते. काळी, भारी, मध्यम, हलकी, बरड, भरड, मुरमाड, रेताड, पोयट्याची, चोपण, चिबड. यांपैकी काही नावे रंगाची, काही पोताची, तर काही पाण्याशी असलेल्या वर्तनाची आहेत. चोपण जमीन म्हणजे क्षारांमुळे कण विस्कटून घट्ट बसलेली, पाणी आत न घेणारी. चिबड म्हणजे पाणी घेऊन ते बाहेर न सोडणारी. दोन्हींवर पाणी दिसते, पण शेतकरी त्यांची गल्लत करीत नाही. कारण एकीत पाणी जिरत नाही आणि दुसरीत पाण्याचा निचरा होत नाही, आणि या दोन दुखण्यांचे उपचार वेगळे आहेत. परिभाषेच्या ‘अपार्य’ या एका शब्दात हा भेद मावणार नाही.

काळ्या मातीचे उदाहरण तर विशेषणमात्राची मर्यादा दाखविणारे आहे. उन्हाळ्यात ती आक्रसते, तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगा घटाघटा पितात. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि श्रावणात तीच जमीन वरचे पाणी आत घ्यावयास तयार नसते. जूनमध्ये जी पाणी पिते आणि ऑगस्टमध्ये नाकारते, तिला कायमचे कोणते विशेषण लावणार? येथे क्रियापदच खरे. आणि यांच्या मध्ये कोठेतरी तो सुरेख शब्द येतो : वाफसा. जमिनीत ओल आहे पण पाणी साचलेले नाही, हवाही खेळते आहे, पेरणीला जमीन तयार आहे, अशी ती अवस्था. वाफसा येतो, तो जमिनीचा गुण नव्हे, तिच्यावर आलेली वेळ आहे. कन्नडमध्ये यासाठी ‘हद’ हा शब्द असून तो मातीप्रमाणेच पाकालाही लावला जातो. मराठीतला वाफसा मात्र रानातच राहिला.

पदार्थाचा हाच धर्म एका ठिकाणी दोष आणि दुसऱ्या ठिकाणी गुण ठरतो, हेही नोंदले पाहिजे. मराठवाड्यात व खानदेशात माळवदाच्या किंवा धाब्याच्या घरांवर पांढरी, खारी माती टाकण्याची रीत होती. शेतात जी माती पाणी घेत नाही म्हणून नकोशी, तीच छपरावर पाणी आत येऊ देत नाही म्हणून हवीशी. ‘गळती’ या शब्दाचेही तसेच. छपराची गळती, धरणाची गळती, शाळेतील मुलांची गळती हे सारे नुकसानीचे अर्थ. पण महादेवाच्या पिंडीवर टांगलेल्या भोकाच्या अभिषेकपात्रालाही गळतीच म्हणतात, आणि तेथे न गळणारी गळती निरुपयोगी. के. आर. पुरमच्या वेंगय्यन केरेसारखे बंगळूर परिसरातील जुने तलाव पाणी धरून ठेवण्यासाठी बांधले गेले. तळ जितका घट्ट तितका तलाव चांगला. आज कोरड्या कूपनलिकांच्या शेजारी राहणारे लोक त्याच तलावांकडून पाणी जमिनीत सोडण्याची अपेक्षा करतात. तलावाचा तळ होता तेथेच आहे. त्याच्या स्तुतीचे शब्द मात्र उलटे झाले आहेत.

तलावाचा विषय निघाला म्हणून एक अवांतर. पावसाळ्यात माझ्या कन्नडभाषक शेजाऱ्यांनी आनंदाने ‘केरे तुंबितु’ असे सांगितले, तेव्हा माझ्या मराठी कानाला क्षणभर धसका बसला. कन्नडमध्ये ‘तुंबु’ म्हणजे भरणे, आणि तलाव भरला ही शुभवार्ता. मराठीत पाणी तुंबते ते गटारात. ‘ओसरु’चेही असेच : कन्नडमध्ये ओसरणे म्हणजे ओल बाहेर येणे, पाझरणे, मराठीत ओसरणे म्हणजे मागे हटणे, कमी होणे. शेजारच्या दोन भाषांत रूपे इतकी जवळ आणि पाणी इतके विरुद्ध दिशांना, ही भाषांतरकारासाठी खरोखर निसरडी जागा आहे.

स्वयंपाकघरातील शब्दांवर स्वतंत्र लेख होईल. येथे दोनच नोंदी. ‘गळणे’ या अकर्मक क्रियापदाचे प्रयोजक रूप ‘गाळणे’. एकात पाणी आपल्याला न विचारता जाते, दुसऱ्यात आपण त्याला जावयास लावतो आणि नको ते मागे ठेवतो. तळाशी जो बसतो तो गाळ. कन्नडमधील ‘सोरु’ व ‘सोसु’ ही जोडी अर्थाने याच्याशी तंतोतंत जुळते. दुसरी नोंद वेळण्याची. शिजलेल्या डाळीतले पाणी काढून घेणे म्हणजे वेळणे. त्या वेळवणीची, कोल्हापूर-सोलापूरकडे येळवणीची, आमटी होते. इतरत्र तिला कटाची म्हणतात. कर्नाटकातील ‘बस्सारु’ हे याच रीतीने, ‘बसि’ म्हणजे पाणी काढून घेणे या क्रियेवरून नाव पडलेले सार आहे. दोन्ही प्रांतांनी काढून टाकायच्या पाण्याला जेवणाच्या पानात जागा दिली, हे साम्य मला केवळ पाककृतीचे वाटत नाही.

येथपर्यंत पाणी खरे होते. आता हीच क्रियापदे माणसाविषयी बोलू लागतात तेव्हा काय होते ते पाहू. तौलनिक अभ्यासकाला खरा रस येथे आहे.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा मराठी माणसाला पाठ आहे. पण ‘त्याची चांगली जिरवली’ म्हटले की अर्थ त्याचा ताठा उतरविला, असा होतो. जिरते ती घमेंड. ती आत जाते आणि नाहीशी होते. कन्नडमध्ये ‘इंगु’चे प्रयोजक रूप ‘इंगिसु’. त्याचा एक अत्यंत रूढ प्रयोग ‘दाह इंगिसु’ असा आहे, म्हणजे तहान भागविणे. एकच भौतिक क्रिया, पाणी आत घेऊन नाहीसे करण्याची. तिच्यावरून एका भाषेने मानखंडनेचा शब्द घडविला, दुसरीने तृप्तीचा. कन्नड मजकुरातील तहानेचे वाक्य मराठीत आणताना ‘जिरवणे’ चालत नाही, तेथे ‘भागवणे’ किंवा ‘शमवणे’ लागते, आणि जमीन व घसा यांच्यातील जे नाते मूळ भाषेत आपोआप होते ते तुटते. ‘इंगु गुंडि’ हा शब्द कन्नड माणसाच्या कानी पडतो तेव्हा त्यात तहानेचा एक हलका सूर असतो. कार्यशाळेतील ‘जिरवणखड्डा’ हे उत्तर अर्थाने सर्वांत जवळचे होते. सूर तेवढा निसटला.

‘मुरणे’ अधिक गुंतागुंतीचे आहे. जिरणाऱ्या पाण्याचा मागमूस राहत नाही. मुरणारा पदार्थ राहतो, आणि ज्यात मुरतो त्याला बदलतो. लोणचे मुरते तेव्हा फोडीही पहिल्यासारखी राहत नाही आणि खारही. मुरलेला गवई, मुरलेला राजकारणी यांत काळाचा आणि अंगी भिनण्याचा अर्थ आहे. (मुरांब्याचे नाव अरबी मूळच्या मुरब्ब्यावरून आले, पण मराठी मनाने त्यात मुरलेला आंबा पाहिला, हे लोकव्युत्पत्तीचे गोड उदाहरण होय.) ‘येथे कोठेतरी पाणी मुरते आहे’ या वाक्प्रचारात मात्र संशय आहे : जितके पाणी सोडले तितके पोचले नाही, हिशेब जुळत नाही. मुरणे दिसत नाही. म्हणून ते प्रौढत्वाचेही लक्षण होते आणि लबाडीचेही.

‘दगडाला पाझर फुटणे’ या वाक्प्रचारापाशी थोडे थांबले पाहिजे. अशक्य ते घडले, असा त्याचा अर्थ आपण सांगतो. सह्याद्रीत मात्र ते अशक्य नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचलेले असल्यामुळे दोन थरांच्या सांध्यातून किंवा वरच्या भेगाळ थरातून पाणी बाहेर येते, आणि पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस उभा कडा ओला दिसतो. दगडाला पाझर फुटतो हे या प्रदेशातील माणसाने पाहिलेले आहे. म्हणून मराठीतील कठोर हृदयाची कल्पना अशी, की ते दगडच राहते, फक्त त्याच्या आत दडलेला ओलावा बाहेर येतो. कन्नडमध्ये दगड ‘करगतो’, म्हणजे वितळतो, विरघळतो. पी. लंकेश यांच्या ज्या कथासंग्रहाला १९९३ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, त्याचे शीर्षक ‘कल्लु करगुव समय’ असे आहे. मराठीत त्याचे काय करावे? ‘दगड वितळण्याची वेळ’ म्हटले तर शब्द जुळतात, परंतु वितळणे मराठी कानाला भट्टीकडे नेते. ‘दगडाला पाझर फुटण्याची वेळ’ म्हटले तर वाक्प्रचार भेटतो, पण एक मोठा फरक पडतो. वितळलेला दगड आपला आकार गमावतो. पाझरलेला दगड आकार राखून असतो. माणूस बदलतो की माणसात आधीपासून असलेले काही प्रकट होते, हा कथेच्या आकलनाचा प्रश्न शीर्षकाच्या क्रियापदातच ठरून जातो. मराठीतही हृदय द्रवते, हे खरे. तो शब्द संस्कृत काव्यशास्त्रातील ‘द्रुति’शी नाते सांगतो. माधुर्य गुणाने चित्ताची द्रुति होते, असे आलंकारिक म्हणतात. कन्नडचा ‘करगु’ द्रुतीच्या जवळचा आहे, आणि पाझर मात्र काव्यशास्त्राच्या बाहेरचा, डोंगरातला.

काव्यशास्त्राचा उल्लेख आलाच आहे तर प्रसाद गुणाचाही करावा. मम्मटाने प्रसाद समजावताना दोन दृष्टान्त दिले आहेत : वाळलेल्या इंधनात पसरणारा अग्नी आणि स्वच्छ पाणी. दोहोंचे साम्य तत्काळ व्यापण्यात आहे. येथे दृष्टान्त घेतले आहेत ते व्यापणाऱ्याचे. परंतु इंधन वाळलेले असले पाहिजे, या अटीत व्यापल्या जाणाऱ्याचाही विचार आहे. रचना प्रासादिक असते ती वाचकाच्या चित्ताची तयारी गृहीत धरूनच. शेतकरी याला वाफसा म्हणाला असता.

अॅरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’साठी मराठीत ‘विरेचन’ आणि ‘भावविरेचन’ हे शब्द रूढ आहेत. त्यांच्या जोडीला, विशेषतः मानसशास्त्रीय वळणाच्या लेखनात, ‘भावनांचा निचरा’ असेही म्हटले जाते. हे दोन शब्द पर्याय म्हणून वापरले जातात आणि मला ते पटत नाही. विरेचन हा वैद्यकातला शब्द : दोष शरीराबाहेर काढून टाकणे. निचरा हा शेतातला शब्द आहे. उत्तम निचऱ्याची जमीन म्हणजे कोरडी जमीन नव्हे. जास्तीचे पाणी वाहून गेले आणि मुळांना हवी तेवढी ओल राहिली, ती उत्तम निचऱ्याची. शोकात्म नाटक पाहून प्रेक्षकाच्या मनातील करुणा व भय बाहेर टाकले जातात, असे मानणाऱ्याने विरेचन म्हणावे. त्या भावना योग्य प्रमाणात येतात, असे मानणाऱ्यासाठी निचरा हा अधिक अचूक शब्द आहे. पाश्चात्त्य भाष्यकारांत या दोन मतांचा वाद दीर्घकाळ चालला आहे. मराठीने त्यांतील दोन्ही पक्षांसाठी शब्द आधीच तयार ठेवले असताना आपण ते एकमेकांत मिसळून टाकावेत, हे खेदाचे आहे. ‘तक्रारींचा निचरा’ अशा प्रयोगांनी तर तो शब्द निपटाऱ्याच्या पंगतीला नेऊन बसविला आहे.

आमच्या शास्त्रातील ‘प्रभाव’ या संकल्पनेचे काय? युरोपीय भाषांतील त्या अर्थाचा शब्द लॅटिनमधील आत वाहण्याच्या क्रियेवरून आला आहे. मराठी ‘प्रभाव’ मात्र तेजाचा, सामर्थ्याचा शब्द असून त्यात पाणी नाही. म्हणूनच की काय, मराठी समीक्षक मोकळेपणाने लिहू लागला की ‘प्रभाव पडला’ सोडून ‘झिरपला’ म्हणू लागतो. ‘झिरपणे’ या शब्दाची उतरंड लक्षात ठेवावी. पाणी वरून खाली झिरपते. संपत्ती वरच्या स्तरातून खाली येईल असे सांगणाऱ्या अर्थशास्त्रीय मताला मराठीत ‘झिरपा सिद्धान्त’ म्हणतात, ते यामुळेच. एका साहित्यातून दुसऱ्यात काही झिरपले, असे लिहिताना आपण पहिल्याला नकळत वरच्या पायरीवर बसवितो.

मराठी व कन्नड यांच्या संबंधात तर हा शब्द विशेष जपून वापरावा लागतो. गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड व उर्दू बोलींचे वर्णन आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून या बोलींची वाक्यरचना इतकी एकरूप झाली होती, की एका बोलीचे वाक्य दुसरीत जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून सांगता येई. पण शब्द व प्रत्यय ज्याचे त्याचे वेगळे राहिले होते. येथे काय झिरपले? कोणी वर नव्हते, कोणी खाली नव्हते. शब्दांच्या पातळीवर या बोली एकमेकींना वाट देत नव्हत्या, आणि रचनेच्या पातळीवर त्यांच्यात आडपडदा उरला नव्हता. जीवशास्त्रातील ‘निवडक्षम’ हे विशेषण येथे कोरडे असले तरी चपखल बसते. क्रियापद निवडायचे तर मी ‘मुरणे’ निवडीन : दोन्ही बाजू बदललेल्या, आणि बदल वरून न दिसणारा.

कार्यशाळेच्या अखेरच्या सत्रात आम्ही सरावासाठी काही वाक्ये रचली होती. त्यांतील एक कन्नड वाक्य एका म्हाताऱ्या विहीर खोदणाऱ्याविषयी होते. मण्णु वड्डर, म्हणजे मराठीत माती वडार, या समाजातील लोक बंगळूर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खोदत आले आहेत, आणि अलीकडे पुनर्भरणाच्या विहिरींमुळे त्यांच्या हातांना पुन्हा काम मिळू लागले आहे. आमच्या वाक्यातला म्हातारा कोरड्या विहिरीच्या कडेला बसला होता आणि त्याचे ‘कण्णीरु’, म्हणजे डोळ्यांतले पाणी, ‘इंगितु’. बहुतेकांनी ‘आटले’ असे भाषांतर केले. ते रूढ आहे, सहज आहे. पण आटलेले पाणी वाफ होऊन वर जाते, आणि म्हातारा ज्या मातीकडे पाहत होता तिच्याशी त्याचा संबंध उरत नाही. मी ‘जिरले’ सुचविले. त्यावर एका अभ्यासिकेने हरकत घेतली : ‘जिरले’ म्हटले की म्हाताऱ्याचीच जिरल्यासारखे वाटते. हरकत योग्य होती. ‘मुरले’ कोणीतरी म्हणाले, आणि दुःख मुरते, अश्रू मुरत नाहीत, असे उत्तर लगेच आले. सत्राच्या टिपणात ‘आटले’ आणि ‘जिरले’ हे दोन्ही शब्द मधे तिरपी रेघ देऊन तसेच ठेवले आहेत.